कुलूप, पन्हळ आणि बिनशब्दांची पुस्तकं : एका गावच्या बाल विभागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. बाल विभागाच्या पुस्तकनिवडीत मी मदत करत होते, त्यामुळे मुख्य बैठकांना हजर होते आणि पुढेही माझं जाणं-येणं राहिलं.

ग्रंथालय जुनं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेलं आणि शासनाच्या परिरक्षण अनुदानावर चालणारं. दोन खोल्या, बाहेर ओटी, ओटीवर वर्तमानपत्रांचं टेबल. एकच ग्रंथपाल, त्यांना लहानमोठे सगळे ताई म्हणतात. कार्यवाह म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावाचे गुरुजी. संध्याकाळी तीन तास देवघेव चालते. वर्गणीदार बहुतेक पन्नाशीच्या पुढचे.

बाल विभाग म्हणजे एक काचेचं कपाट. त्यात सहाशेच्या आसपास पुस्तकं होती : बोधकथा, थोरांची चरित्रं, अकबर-बिरबल, इसापनीती, सामान्यज्ञान. मुखपृष्ठ रंगीत आणि आत पिवळट कागदावर काळी बारीक अक्षरं, चार-पाच पानांआड एखादं रेखाचित्र. वरच्या कप्प्यात पंधरा-वीस चित्रपुस्तकं होती, कुठल्यातरी योजनेत आलेली. दाखल क्रमांक आणि शिक्के पडलेले, पानं मात्र नवीकोरी. कपाटाला कुलूप, किल्ली ताईंच्या टेबलाच्या खणात.

हे गाव चित्रांना परकं नाही, ही गोष्ट पुढचं सगळं समजायला महत्त्वाची आहे. गणपतीआधी घराघरांत देवाच्या मागची भिंत रंगवली जाते, कुणी वेल काढतं, कुणी मोर, कुणी अख्खा गरुड. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या चौकटीला, नारळ, सुपारीची शिपटं, तवशी, कवंडळं, रानातली पानंफळं टांगताना कुठला रंग कुठल्या शेजारी शोभेल यावर घरातल्या चार माणसांची चार मतं पडतात. जत्रेत दशावताराला आजीच्या मांडीवर बसलेली मुलं पहाटेपर्यंत जागतात. जवळच कुडाळ तालुक्यात पिंगुळी आहे, ठाकर समाजाच्या चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेचं गाव. तिथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीची चितारआळी आणि तिथली रंगीत लाकडी फळं-खेळणी गावातल्या प्रत्येकाला ठाऊक. एवढी कला रोजच्या जगण्यात मुरलेली असताना लहान मुलाच्या हातातलं चित्रांचं पुस्तक मात्र इथे खर्च वाया घालवल्यासारखं वाटत होतं. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या विसंगतीमुळे.

प्रश्न कसा उभा राहिला

एका गणपतीत गावच्या मुंबईकर मंडळातल्या एका गृहस्थांनी बाल विभागासाठी चाळीस हजार रुपये देणगी जाहीर केली. त्यांच्या दोन इच्छा होत्या. एक, आईच्या नावाची पाटी असलेलं नवं काचेचं कपाट. दोन, दरवर्षी गणपतीत आईच्या स्मरणार्थ चित्रकला स्पर्धा, पहिल्या तीन क्रमांकांना रोख बक्षीस. माणूस मनापासून देत होता. त्याच्या लहानपणी त्याने याच ओटीवर बसून मासिकं वाचली होती.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत सुरुवातीला चर्चा फक्त कपाटाच्या मापाची झाली. मग ताईंनी देवघेव रजिस्टर पुढे केलं. मागच्या वर्षभरात बाल विभागातून गेलेली पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातलीही बरीच शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी गेलेली. तीन ते आठ वयाचं एकही मूल ग्रंथालयात येत नव्हतं.

“मुलं वाचत नाहीत, मोबाईल बघतात,” हे निदान बैठकीत लगेच झालं. मला ते घाईचं वाटलं. ज्या मुलाला अजून अक्षरं जुळवता येत नाहीत, किंवा नुकती येऊ लागली आहेत, त्याच्यासाठी त्या कपाटात काय होतं? वरच्या कप्प्यातली पंधरा-वीस पुस्तकं. आणि ती काढून मागायची तर मुलाला आधी त्यांची नावं ठाऊक हवीत.

ती पुस्तकं का देत नाही, असं ताईंना विचारलं. त्यांचं उत्तर सरळ होतं. “पोरां फाडतली मा! मगे तपासणीक मी काय दाखवू?” दाखल रजिस्टरमध्ये पुस्तक आहे आणि कपाटात नाही, तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. पूर्वी हरवलेल्या एका महागड्या पुस्तकाचे पैसे त्यांनी स्वतःच्या मानधनातून भरले होते. कुलपामागचं खरं कारण ते होतं, आणि ते त्या बैठकीपर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

पालकांची बाजूही कळून घेतली. अंगणवाडीच्या पालकसभेत आम्ही एक बिनशब्दांचं चित्रपुस्तक फिरवलं. पावसाच्या पाण्यात एका मुलाची होडी वाहून जाते, तिची गोष्ट. एकही अक्षर नाही. एका वडिलांनी दोनदा मागेपुढे उलटून परत दिलं. “ह्याच्यात वाचूक काय आसा?” त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. चित्रकलेबद्दल विचारलं तेव्हा बहुतेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची नावं घेतली, कारण त्यांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात. चित्राची किंमत त्या गुणांपुरती ठरलेली होती. तीच माणसं दर भाद्रपदात घरची भिंत रंगवतात, पण त्याला ती कला म्हणत नाहीत, घरचं काम म्हणतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा. तालुक्याच्या ठिकाणी पुस्तक प्रदर्शन भरवणारे विक्रेते मोठ्या सवलतीत ‘संच’ देतात : शंभर बोधकथा, पन्नास चरित्रं. चाळीस हजारांत संख्या झटकन वाढली असती, आणि ग्रंथालयाच्या दर्जासाठी ग्रंथसंख्या मोजली जाते हेही मंडळाच्या डोळ्यांसमोर होतं. दोन सदस्य याच बाजूचे होते. त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. अनुदानावर जगणाऱ्या संस्थेला संख्येकडे पाठ फिरवता येत नाही.

दुसरा पर्याय मोठा टीव्ही घेऊन गोष्टींचे व्हिडिओ दाखवण्याचा. तरुण सदस्यांना तो आवडला. त्यावर गुरुजींनी हरकत घेतली : व्हिडिओ स्वतःच्या वेगाने पुढे जातो, मुलाच्या नाही. चित्रपुस्तकाचं पान उलटायचं की त्याच पानावर थांबायचं हे मूल ठरवतं. मला यात भर घालायची होती ती एवढीच की पान उलटण्याआधीचा क्षण हा चित्रपुस्तकाच्या रचनेचा भाग असतो. चांगला चित्रकार उजव्या पानाच्या कडेला काहीतरी अर्धवट सोडतो, शेपटीचं टोक, दाराची फट, आणि मूल पुढचं पान ओढतं.

तिसरा पर्याय फुकटचा. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठीत भरपूर चित्रकथा आहेत. परवाना मुक्त असल्याने श्रेय देऊन त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, दुसऱ्या बोलीत नेताही येतात. अडचण छपाईची. गावातल्या झेरॉक्सवर रंगीत पान महाग पडतं आणि रंग मळकट येतात.

चौथा पर्याय म्हणजे थोडी पण निवडक चित्रपुस्तकं आणि काचेच्या कपाटाऐवजी उघडी मांडणी. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका, एकलव्य यांच्या मराठी आणि काही हिंदी पुस्तकांतून निवड करायची. यात संख्या कमी भरणार होती, देणगीदाराची कपाटाची इच्छा मोडणार होती आणि पुस्तकं फाटणार हे नक्की होतं.

पहिला निर्णय : फाटण्याचा हिशोब

बैठक दोनदा अडली आणि दोन्ही वेळा एकाच जागी : पुस्तकं उघड्यावर ठेवली तर जबाबदारी कुणाची? इथे गुरुजींनी रंगनाथन यांची आठवण काढली. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं शियाळी रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पुस्तकरूपात मांडली, आणि त्यातलं पहिलंच सूत्र ग्रंथ वापरासाठी आहेत असं सांगतं. ते समजावताना रंगनाथन यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने बांधून ठेवत असत याचा दाखला दिला होता. गुरुजी दर १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनाच्या भाषणात हे सांगत आले होते. त्या दिवशी त्यांनी ते भाषण म्हणून सांगितलं नाही, ठरावाचा मसुदा म्हणून सांगितलं.

ठराव असा झाला. बाल विभागातली चित्रपुस्तकं वापराने झिजणारी वस्तू मानायची. दरवर्षी त्यांतली काही फाटतील, काही हरवतील. त्यांची यादी ताईंनी ठेवायची, वर्षाअखेरीस मंडळाने ती पाहून ठरावानेच पुस्तकं बाद करायची. ताईंच्या मानधनातून एक रुपयाही जाणार नाही, हे इतिवृत्तात स्पष्ट लिहायचं.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत वजनदार निर्णय हाच. पुस्तकं कुठली घ्यायची यावर आम्ही कितीतरी जास्त बोललो, पण कुलूप उघडलं ते इतिवृत्तातल्या त्या ओळीने. अशा ठिकाणी ग्रंथपाल उदासीन आहेत असं म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. ताई उदासीन नव्हत्या. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे त्यांनी एकदा भरले होते आणि तसं पुन्हा होऊ नये म्हणून त्या किल्ली जपत होत्या.

दुसरा निर्णय : काय घ्यायचं

पंचवीस हजारांची पुस्तकं घ्यायची आणि उरलेल्यातून मांडणी, सतरंजी, दुरुस्तीचं सामान आणावं असं ठरलं. पुस्तकं न बघता मागवायची नाहीत, यावर मी अडून बसले. संच घेतला की ऐंशी टक्के भरताड आपण विकत घेतो.

निवडताना एक साधी रीत वापरली. मजकूर हाताने झाकायचा आणि फक्त चित्रं बघत जायचं. गोष्ट कळते का? मग हात काढून मजकूर वाचायचा. शब्दांत जे नाही असं काही चित्र सांगतंय का? मजकुरात ‘आई कामाला गेली’ आणि चित्रातही फक्त कामाला जाणारी आई, तर त्या चित्राने काही केलं नाही. पण चित्रात दाराआड उभं राहून पदराचं टोक तोंडात धरलेलं मूल दिसलं, तर मजकुरात न लिहिलेली गोष्ट तिथे सुरू झाली. ही कसोटी लावल्यावर देखणी वाटणारी बरीच पुस्तकं गळाली.

दुसरी गोष्ट घरं-दारं बघण्याची. पुस्तकांतली पुष्कळ मुलं फ्लॅटमध्ये राहतात, बाल्कनीत कुंड्या असतात. तशी पुस्तकं नकोत असं नाही. दुसऱ्याचं घर बघणं हाही पुस्तकाचा आनंद आहे. पण सगळीच तशी नकोत. चूल, खाडी, गोठा, एसटी, ओला रस्ता असलेली शोधून घेतली. गोंड आणि वारली चित्रकारांनी काढलेली काही पुस्तकं घेतली, त्यांवर एका सदस्याने “हे चित्र नीट का नाही काढलं?” असं विचारलं. मी ते पुस्तक त्यांच्याच नातवाच्या हातात दिलं. नातवाने हरणाच्या पोटातले ठिपके बोटाने मोजायला घेतले आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

बारा पुस्तकांच्या तीन-तीन प्रती घेतल्या. संख्या वाढवायची असताना एकच पुस्तक तीनदा का, यावर वाद झाला. कारण असं होतं की लहान मूल तेच पुस्तक पुन्हा-पुन्हा मागतं, आणि आठवड्यासाठी ते दुसऱ्याच्या घरी गेलं की बाकीच्यांचा विरस होतो. शिवाय गटात वाचताना वीस मुलांना एका प्रतीतलं चित्र दिसत नाही.

प्रत्यक्ष काय केलं

मांडणीचा प्रश्न गावातल्या सुताराने सोडवला. चित्रपुस्तकं पातळ आणि बहुतेक पिन मारलेली. त्यांना पाठकणाच नसतो. उभी लावली की कुठलं पुस्तक कुठलं हे कळत नाही. ती समोरून, मुखपृष्ठ दिसेल अशी लागायला हवीत. त्याने छपराच्या पाण्यासाठी लावतात तसली पीव्हीसी पन्हळ आणली, तीन ओळींत भिंतीला ठोकली आणि खालची ओळ सतरंजीवर बसलेल्या मुलाच्या हाताला येईल अशी ठेवली. काचेच्या कपाटाच्या किमतीच्या मानाने खर्च अगदी थोडा आला.

देणगीदारांना गुरुजींनी फोटो पाठवून फोन केला. आईंच्या नावाची पाटी त्या भिंतीवर लावली आणि प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर त्यांच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. कपाटावरची पाटी एका जागी राहिली असती. ही चिठ्ठी घरोघर जाते, हे गुरुजींनी त्यांना सांगितलं आणि ते त्यांना पटलं. खरं तर या फोनची आम्हाला सर्वांत जास्त धास्ती होती.

देवघेवीचे नियम जाणूनबुजून मोजके ठेवले. अनामत नाही. मुलाच्या नावाचं कार्ड, एका वेळी एक पुस्तक, आठवडाभर. पुस्तक ओटीवर बसूनही बघता येतं आणि घरीही नेता येतं. फाटलं तर लपवायचं नाही, ताईंना द्यायचं, दंड नाही.

शनिवारी संध्याकाळी गोष्टीचा तास सुरू झाला. त्यासाठी अंगणवाडीताई, बारावीच्या दोन मुली आणि एक आजी तयार झाल्या. त्यांच्याशी एकाच गोष्टीवर जास्त वेळ बोललो : प्रश्न कसे विचारायचे. आपल्याला सवय आहे ती “या गोष्टीतून काय शिकलात?” या प्रश्नाची. तो विचारला की मुलं पुस्तक बंद करून विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघू लागतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात काम केलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी चित्र पाहण्यासाठी तीन साधे प्रश्न रूढ केले आहेत. आम्ही तेच आपल्या भाषेत घेतले. इथे काय चाललंय? तुला कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? दुसरा प्रश्न मोलाचा. मूल चित्राकडे परत जातं आणि पुरावा शोधतं.

पहिले दोन शनिवार मुलं गप्प राहिली. आजींच्या लक्षात आलं की आपण प्रमाण मराठीत विचारतोय. त्यांनी होडीचं पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, “आता ही होडी खंय गेली रे?” त्यानंतर आवाज आवरेना. होडी व्हाळात गेली, व्हाळातून खाडीत, खाडीत तिला सुसर भेटली. पुस्तकात सुसर नाही. एका मुलाने गोष्टीतल्या मुलाच्या वडिलांचा आवाज काढून सांगितलं, “तेचो बापूस रागावलो,” आणि दुसऱ्याने लगेच बापसाला उत्तर दिलं. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. या मुलांनी ते डोळे ताणून कितीदा पाहिलेलं होतं. बिनशब्दांचं पुस्तक कसं वाचायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, फक्त ते त्यांच्या बोलीत उघडायला हवं होतं. ज्या वडिलांनी यात वाचण्यासारखं काय आहे असं विचारलं होतं, त्यांचाच मुलगा सुसर घेऊन आला होता.

ताईंनी ती गोष्ट मुलांच्या शब्दांत, मालवणीत, उतरवून घेतली. मुलांनी चित्रं काढली, दोऱ्याने शिवून पुस्तक केलं. अशी चार पुस्तकं वर्षभरात झाली.

पिंगुळीहून एका चित्रकथी कलाकाराला बोलावलं. जुन्या पोथीतली चित्रं एकामागून एक समोर धरत, वीणेच्या साथीने त्यांनी रामायणातला एक प्रसंग सांगितला. मुलांना दोन गोष्टी दिसल्या आणि त्या त्यांनी धिटाईने विचारल्या. माणसांचे डोळे एवढे मोठे का? आणि मागे डोंगर-झाडं का नाहीत? कलाकारांनी उत्तर दिलं की मागचं सगळं मी बोलून दाखवतो. त्यानंतरच्या शनिवारी बारावीतली एक मुलगी चित्रपुस्तक उघडून मुलांना विचारत होती, यात चित्रकाराने काय काढलं नाही? हा प्रश्न मला सुचला नसता.

स्पर्धेचा पेच

पुढचा गणपती जवळ आला आणि चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला. देणगीदारांची पहिली इच्छा आपण बदलली होती, दुसरीही बदलायची तर फार होईल, असं मंडळाला वाटत होतं. ते रास्त होतं. मला स्पर्धा नको होती. पाच वर्षांच्या मुलाच्या चित्राला दुसरा क्रमांक द्यायचा म्हणजे काय मोजायचं? शिवाय ‘माझा गाव’ किंवा ‘पावसाळा’ असा विषय दिला की दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, नदी आणि नारळाचं झाड, हे ठरलेलं चित्र येतं. ज्या मुलांनी वर्षभर चित्रांत बघायला घेतलं होतं, त्यांना पुन्हा त्याच साच्यात ढकलल्यासारखं झालं असतं.

तीन मार्ग दिसले : स्पर्धा जशीच्या तशी, स्पर्धा रद्द, किंवा बक्षिसाचा पैसा ठेवून स्वरूप बदलणं. तिसरा घेतला. मुलांनी आपल्या घरच्या गणपतीची भिंत किंवा माटवी बघून चित्र काढायचं, आणि ती भिंत कुणी रंगवली हे चित्राखाली लिहायचं. सगळी चित्रं ओटीवर दोरीला लावायची, क्रमांक नाहीत. बक्षिसाच्या रकमेतून प्रत्येक मुलाला रंगीत खडू आणि कोरी वही.

याचा एक परिणाम आम्ही धरला नव्हता. चित्रांखाली आजोबा, काकी, मोठा भाऊ अशी नावं आली, आणि ती माणसं आपलं नाव कुठे लिहिलंय हे बघायला ग्रंथालयात आली. त्यांतली कित्येक जण पहिल्यांदाच त्या ओटीवर चढली. दुसऱ्या बाजूला, पाचवी-सातवीच्या मुलांचे पालक नाराज झाले. प्रमाणपत्र नाही तर वेळ का घालवायचा, असं दोघांनी गुरुजींना तोंडावर सांगितलं. पुढच्या वर्षी सहभागाचं प्रमाणपत्र द्यायचं ठरलं. तडजोड मला आवडली नाही, पण तिच्यामुळे मोठी मुलं टिकली तर ती चालेल, असं मी मान्य केलं.

पावसाळा आणि दुरुस्ती

कोकणात पुस्तकाचे हाल मुलांपेक्षा जास्त हवा करते. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं ओलाव्याने एकमेकांना चिकटतात आणि ओढली की रंग निघतो. पिना गंजतात, मधलं पान सुटतं आणि मग मूल फाडतं असं दिसतं. हे पहिल्या जुलैतच कळलं. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची पिन काढून दोऱ्याने शिवायचं काम सुरू केलं. पुस्तक दाखल करतानाच हे करायला हवं. पारदर्शक चिकटपट्टी लावायची नाही, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. पातळ कागद आणि मैद्याची खळ वापरायची. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. लहान मुलं पुस्तक तोंडात घालतात आणि मोरचूद विषारी, म्हणून आमच्या खळीत ते टाळलं; त्याऐवजी खळ थोडी-थोडी ताजी करायची.

दुरुस्तीच्या कामात मोठी मुलं रमली. गोष्टीच्या तासाला ‘बारक्यांचं’ म्हणून न येणारे सातवीचे दोघे सुई-दोरा घेऊन बसले आणि शिवता शिवता पुस्तकं वाचून काढली.

परिणाम

वर्षाअखेरीस बाल विभागाची देवघेव ताईंच्या रजिस्टरमध्ये पानंच्या पानं भरून होती. पूर्वीशी तुलना करण्यात अर्थ नव्हता. दहाच्या आसपास पुस्तकं बाद झाली, काही हरवली. ठरावाप्रमाणे यादी मंडळापुढे आली आणि चर्चेविना मंजूर झाली. अशी किती नुकसानी परवडेल याची जी भीती होती, तिच्या मानाने हे काहीच नव्हतं.

पुस्तकं घरी गेल्याने घरातही काही हललं. वाचता न येणाऱ्या किंवा कमी येणाऱ्या आज्या नातवंडांना चित्रांवरून गोष्टी सांगू लागल्या, आणि नातवंडं ग्रंथालयात येऊन तक्रार करू लागली की आजीची गोष्ट ताईंच्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे. जिल्हा परिषद शाळेतल्या पहिली-दुसरीच्या बाईंनी महिन्याला वीस पुस्तकं वर्गासाठी न्यायला सुरुवात केली. मुलांचं वाचन किती सुधारलं हे आम्ही मोजलं नाही आणि तसा दावाही करत नाही. मूल एका पानावर जास्त वेळ थांबतं, “तुला कशावरून वाटलं?” असं एकमेकांना विचारतं, हे दिसतं. माझ्यासाठी ते पुरेसं कारण आहे.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंशी आधी एकट्याने बोलायला हवं होतं. मानधनातून भरपाईची गोष्ट बैठकीत सर्वांसमोर निघाली, आणि त्या काही दिवस अवघडून होत्या. कुलूप ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून सुरुवात करणं हा क्रम ठरवून पाळायला हवा.

आठ वर्षांपुढच्या मुलांचा विचार उशिरा झाला. चित्रपुस्तक म्हणजे लहानांचं, या समजाला आम्हीच हातभार लावला, कारण सतरंजी आणि पन्हळ दोन्ही त्याच उंचीवर होत्या. जास्त चित्रांची, अवघड विषयांची, मरण, स्थलांतर, एकटेपणा यांवरची चित्रपुस्तकं आहेत. ती वरच्या ओळीत पहिल्यापासून असती तर सातवीची मुलं सुई-दोऱ्याची वाट बघत बसली नसती.

मुलांनी केलेली मालवणी पुस्तकं दाखल रजिस्टरमध्ये घ्यायची का, हा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. किंमत काय लिहायची, प्रकाशक कोण, अशा रकान्यांवर तो अडला. माझं मत ती घ्यावीत असं आहे, किमतीच्या रकान्यात ‘भेट’ लिहून. क्रमांक पडला की ती जपली जातील आणि उद्या कपाट आवरताना रद्दीत जाणार नाहीत.

आणि पैशांची वाटणी. चाळीस हजारांतून पुस्तकं, पन्हळ, सतरंजी, खळ, दोरा सगळं आलं. शनिवारचा तास, दुरुस्ती, गोष्टी उतरवून घेणं हे सगळं मात्र ताईंच्या ठरलेल्या तीन तासांच्या बाहेरचं काम आहे आणि त्याचा मोबदला त्यांना मिळत नाही. देणगीदार पुढच्या वर्षी पुन्हा रक्कम द्यायला तयार आहेत. या वेळी नव्या पुस्तकांच्या यादीआधी ताईंच्या त्या तासांची रक्कम लिहावी, असा प्रस्ताव मी आणि गुरुजींनी मिळून मंडळापुढे ठेवला आहे.